थोडी रक्कम गांवकऱ्यांच्या हातीं द्यावी

सोयाबीन निघून कापसाचा पहिला वेंचा घरीं येण्याच्या सुमारास आमच्या जिल्ह्यांतील कास्तकाराला दोन गोष्टींची चिंता लागते. एक भावाची व दुसरी पांदणीची. भावाविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, व तें लिहिलें जावें हें योग्यच आहे. पांदणीविषयीं मात्र कोणी लिहीत नाहीं. कारण ती ज्याच्या त्याच्या गांवची, दहा-वीस खातेदारांच्या वहिवाटीची, बाहेरच्यास क्षुल्लक वाटणारी बाब आहे. परंतु काळ्या जमिनीच्या मुलुखांत ज्याचें शेत गांवापासून कोसभर दूर आहे, त्यास विचारून पाहावें. आश्विनांत एखादी सर येऊन गेली कीं बंडीचें चाक आंसापर्यंत रुततें, ट्रॅक्टर जागच्या जागीं फिरतो, आणि वेंचलेला कापूस शेतांतल्या खोपटांत भिजत पडतो. मजुराच्या डोक्यावर गांठोडें देऊन आणावा, तर भाव पदरांत पडण्यापूर्वींच त्यांतला मोठा भाग मजुरींत जातो.

हें काम कोणी करावें, असा प्रश्न केल्यास उत्तर मिळत नाहीं. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या यादींत पांदण सहसा नसते. बांधकाम खात्यास ती ठाऊक नाहीं. ग्रामपंचायतीचें स्वतःचें उत्पन्न घरपट्टी व पाणीपट्टीचें, आणि तेंहि पुरतें वसूल होत नाहीं. त्यांतून दिवाबत्ती चालली तरी पुष्कळ झालें. खातेदार म्हणतात कीं सरकारनें करावें. सरकार म्हणतें कीं अंदाजपत्रक पाठवा. काम लहान असलें म्हणजे तें कोणाचेंच नसतें, हा आमचा नोकरीच्या सबंध काळांतील अनुभव आहे, व त्यावरून जो एक विचार आमच्या मनांत पक्का झाला आहे तो आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो विचार असा कीं, अशा लहान कामांकरितां थोडी थोडी रोख रक्कम त्या त्या वस्तीच्या, पोडाच्या किंवा पांदणीच्या लोकांच्याच हातीं द्यावी, काय करावयाचें तें त्यांनींच ठरवावें, आपला वांटा त्यांनींच घालावा, आणि हिशेबहि त्यांनींच चारचौघांत वाचून दाखवावा.

आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें. अर्थशास्त्राचे ग्रंथ आम्हीं वाचलेले नाहींत. परंतु महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां कागद कसा चालतो व कोठें बसतो, हें मात्र आम्हीं जवळून पाहिलें. एका पोडाची हकीकत सांगतों. तालुक्याचें व कचेरीचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. टेकडीच्या उतारावर कोलामांची वीस-पंचवीस घरें. मध्यें एक हातपंप. पंपाभोंवतींचा ओटा फुटला, सांडपाणी तेथेंच मुरूं लागलें, गुरें त्यांतच उभीं राहूं लागलीं, आणि पावसाळ्यांत तें घाण पाणी पुन्हा पंपाच्या बाजूनें खालीं उतरूं लागलें. लोकांची मागणी एवढीच कीं ओटा नवा बांधावा व तेथून नाल्यापर्यंत दगडी नाली काढावी. गवंडी शेजारच्या गांवांतला, दगड नाल्यांतला. सिमेंटाचीं पोतीं व गवंड्याची मजुरी एवढाच काय तो खर्च. अर्ज आला. अर्जावरून अहवाल मागविला. अहवालावरून अंदाजपत्रक झालें; अंदाजपत्रकास तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निधीची मागणी. तोंवर मार्च अखेर आली व निधि परत गेला. दुसऱ्या वर्षीं दरसूची बदलली, म्हणून अंदाजपत्रक पुन्हा नवें. तिसऱ्या वर्षीं मंजुरी आली ती सिमेंटच्या रस्त्याची; कारण त्या लेखाशीर्षाखालीं नाली बसत नव्हती, रस्ता बसत होता. रस्ता झाला. तो पोडाच्या तोंडाशीं येऊन थांबला, व पंपाभोंवतींचें डबकें होतें तसेंच राहिलें. त्या कागदावर जावक क्रमांक आम्हींच टाकलेला आहे, म्हणून ही गोष्ट सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे आणि थोडी लाजहि आहे.

यांत कोणी पैसे खाल्ले असें आमचें म्हणणें नाहीं. प्रत्येक टेबलावरचा मनुष्य आपआपलें काम नियमानेंच करीत होता. दोष इतकाच कीं, ज्या बाईला रोज त्या चिखलांत उभें राहून हंडा भरावा लागे तिला सोडून इतर सर्वांस त्या कामाविषयीं कांहीं ना कांहीं ठरविण्याचा अधिकार होता. मोठ्या धरणास, पुलास, राज्यमार्गास ही चाळणी अवश्य पाहिजे; तेथें चूक झाली तर माणसें मरतात. परंतु हातपंपाच्या ओट्यास तीच चाळणी लावणें म्हणजे पावशेर तूर मोजण्याकरितां खंडीचें माप आणण्यासारखें आहे.

ही कल्पना नवीन नव्हे. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं देशांत सामूहिक विकास योजना सुरू झाली व त्यापाठोपाठ १९५३ च्या सुमारास स्थानिक विकास कामांचा एक कार्यक्रम निघाला. त्याचें तत्त्व सुटसुटीत होतें. विहीर, शाळेची खोली, जोडरस्ता असें लहान काम गांवानें सुचवावें, साधारणतः निम्मा वांटा गांवानें रोखीनें, सामानानें किंवा अंगमेहनतीनें घालावा, उरलेला सरकारनें द्यावा. आमच्या वडिलांच्या पिढीच्या तोंडून त्या काळच्या श्रमदानाच्या गोष्टी आम्हीं ऐकल्या आहेत. त्या सांगतांना त्यांचा स्वर चढत असे. परंतु १९५७ सालीं बळवंतराय मेहता यांच्या समितीनें सर्व कामाची पाहणी करून असें स्पष्ट सांगितलें कीं लोकांचा पुढाकार अपेक्षेप्रमाणें जागा झालेला नाहीं, व त्यांनीं निवडलेल्या संस्थांच्या हातीं अधिकार दिल्यावांचून तो होणारहि नाहीं. त्यावरून पुढें महाराष्ट्रांत १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. त्यांनीं शाळा काढल्या, दवाखाने काढले, रस्ते केले. त्यांचे उपकार आम्ही विसरत नाहीं. परंतु निर्णय मुंबईहून निघून जिल्ह्याच्या ठिकाणीं आला, तेथून थोडा तालुक्यास व ग्रामपंचायतीस उतरला, आणि तेथेंच थबकला. वस्तीपर्यंत तो पोंचला नाहीं.

वस्तीपर्यंत पोंचण्याचा खरा प्रयोग आमच्याच जिल्ह्यांत झालेला आहे, आणि आमच्यासारख्या जमीन धारण करणाऱ्या लोकांपैकीं फारच थोड्यांनीं तिकडे लक्ष दिलें आहे. केळापूर, घाटंजी, राळेगांव, मारेगांव व झरी जामणी या तालुक्यांतील पुष्कळ गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. अशा क्षेत्रांकरितां १९९६ सालीं संसदेनें पंचायतींचा जो निराळा कायदा केला, त्यास लोक पेसा म्हणतात. महाराष्ट्र सरकारनें त्याचे नियम २०१४ सालीं केले. त्या नियमांनीं पाडा, वाडी किंवा पोड यांस स्वतंत्र गांव म्हणून जाहीर होण्याचा मार्ग मोकळा केला, व तेथील ग्रामसभेस स्वतःचा कोष ठेवण्याची मुभा दिली. पुढें २०१५ सालीं असें ठरलें कीं, आदिवासी उपयोजनेच्या रकमेपैकीं शेंकडा ५ इतका भाग लोकसंख्येच्या प्रमाणांत थेट या क्षेत्रांतील पंचायतींकडे जावा व ग्रामसभेनें आपला आराखडा करून तो खर्च करावा. गांवांतील पायाभूत सोयी. वनहक्क व पेसा यांची अंमलबजावणी. आरोग्य, स्वच्छता व शिक्षण. जंगल, पाणी व त्यांवरील उपजीविका, अशा चार बाबी नेमून दिल्या. बाकी काय करावें हें लोकांवर सोंपविलें. लहान पोडाच्या वांट्यास येणारी रक्कम पाहून तालुक्याचा कंत्राटदार नाक मुरडील इतकीच ती असते. आमच्या मतें हाच तिचा मोठा गुण आहे.

या पैशानें सर्वत्र सोनें पिकलें असें मात्र कोणी समजूं नये. दोन पोडांतील गोष्ट आम्हीं स्वतः पाहिलेली आहे. पहिल्या पोडांत आराखडा बाहेरून तयार होऊनच आला. चावडीसमोर चार माणसें उभीं करून अंगठे घेतले, व महिन्याभरांत सूर्यशक्तीवर चालणारे दिवे खांबांवर लागले. कोणी मागितले होते, हें पोडांतील कोणासच सांगतां येईना. पहिल्या पावसाळ्यांत दोन बंद पडले, पुढच्या उन्हाळ्यांत एकाची बॅटरी नाहींशी झाली, आणि आम्हीं शेवटीं पाहिलें तेव्हां एका खांबास शेळी बांधलेली होती. दुसऱ्या पोडांत लोक तीन संध्याकाळीं चावडींत बसून भांडले. कोलामांच्या पोडांत चावडी ही सर्वांची जागा असते व निवाडे, सण, बैठका तेथेंच होतात, हें वाचकांस ठाऊक असेलच. पुरुषांचें म्हणणें कीं चावडीवर नवे पत्रे घालावे. बायांचें म्हणणें कीं पत्रे पुढल्या वर्षीं, अगोदर पंपापाशीं ओटा, नाली आणि आंघोळीस आडोसा. नाईकानें दोन दिवस पुरुषांची बाजू घेतली व तिसऱ्या दिवशीं, बहुधा घरांत कांहीं बोलणें होऊन, ती सोडली. ओटा झाला. काम फार देखणें नाहीं. नालीस एके ठिकाणीं उलटा उतार लागला तो आम्हींच त्यांस दाखविला. परंतु पुढें दीड वर्षानें ओट्यास भेग पडली, तेव्हां तेथील एका तरुणानें बाजारांतून सिमेंटाचें अर्धें पोतें आणून ती स्वतः बुजविली. त्यानें अर्ज केला नाहीं. ही गोष्ट आम्हांस त्या ओट्यापेक्षां मोठी वाटते.

दोन्हीं पोडांस पैसा एकाच लेखाशीर्षांतून, एकाच वर्षीं मिळाला होता. फरक पडला तो तीन संध्याकाळच्या भांडणानें.

आतां आक्षेप. आमच्या बैठकींतील वडीलधारी मंडळी पहिल्यानें हेंच म्हणतात कीं, लोकांच्या हातीं पैसा दिला तर ते खातील. खातील, कांहीं ठिकाणीं नक्कीच खातील. परंतु दूर बसून मोठी रक्कम खाणारा कोणास दिसत नाहीं. घराशेजारीं लहान रक्कम खाणारा लगेच दिसतो. पांच पोतीं सिमेंट आलें कीं आठ, हें पोडांतलें शेंबडें पोरहि सांगेल. अट एवढीच पाहिजे कीं हिशेब कामाच्या जागीं, दिवस मावळल्यावर, माणसें घरीं असतांना वाचला जावा. आज ग्रामसभा भरते ती बहुधा दुपारीं, निंदण-डवरणाच्या किंवा वेंचणीच्या ऐन दिवसांत. माणसें येत नाहींत, गणपूर्ति होत नाहीं, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेस गणपूर्तीची गरज नसल्यामुळें पुढें पांच-सात जणांच्या सह्यांवर सबंध गांवाचे ठराव पास होतात. हें कायद्यांत बसतें. यांत दोष कोणाचा, हें विचारूं गेल्यास आम्हीं स्वतः नोकरींतून मोकळे झाल्यावर किती ग्रामसभांस हजर राहिलों याचा हिशेब द्यावा लागेल, व तो फारसा भूषणावह नाहीं.

गांवांत तट पडतील, असेंहि म्हणतात. तट बिनपैशाचेहि आहेतच. हिशेब कोण ठेवील, असें विचारणाऱ्यांनीं आपल्याच गांवांतील बायांच्या बचतगटाची वही एकदां मागून पाहावी. महिन्याची बचत, दिलेलें कर्ज, आलेलें व्याज व उरलेली शिल्लक तिच्यांत ओळीनें मांडलेली असते, आणि आमच्या पाहण्यांतल्या कित्येक सहकारी सोसायट्यांच्या वह्यांपेक्षां ती स्वच्छ असते. ज्यास हें लिहून वाईट वाटेल त्यानें आपल्या सोसायटीची वही काढून दाखवावी.

या सर्वांपेक्षां अवघड अशी एक बाब आहे व ती आमच्या वर्गाची आहे. लोकांचा वांटा म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें श्रमदान येतें. २०१७ सालीं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेंत आपल्या जिल्ह्यांतील कळंब, राळेगांव व उमरखेड हे तालुके होते, व त्या उन्हाळ्यांत टिकाव-फावडीं घेऊन पहांटेस माळावर जाणारीं गांवें आम्हीं पाहिलीं. तो देखावा विसरण्यासारखा नव्हता. परंतु तेथें एक प्रश्न आमच्या मनांत आला तो आम्हीं त्या वेळीं बोलून दाखविला नाहीं, आतां दाखवितों. बांध घातला, पाणी मुरलें, विहिरीची पातळी चढली. ती विहीर कोणाची? ज्यास गुंठाभरहि जमीन नाहीं, त्या मजुरानें आठ दिवस सकाळची वेळ दिली. त्यास त्या पाण्यांतून काय मिळालें? पुढें रब्बींत काम वाढलें तर मजुरी मिळेल, असें उत्तर देतां येतें व तें अगदींच खोटें नाहीं. तथापि पांदणीच्या बाबतींत तेंहि उत्तर चालत नाहीं. पांदण ज्याच्या शेताला जाते त्याचाच माल तीवरून येतो. तेथें भूमिहीनानें श्रमदान करावें असें म्हणणें म्हणजे जुन्या वेठबिगारीला नवें, गोड नांव देणें होय. आमच्या मतें पांदणीचा लोकवांटा सरळ एकरावर बसवावा. ज्याचे दोन एकर त्यानें दोन एकरांचा, ज्याचे वीस त्यानें विसांचा. आणि जो मजूर कामास येईल त्यास त्या दिवसाची मजुरी रोख द्यावी. वस्तीची नाली, पंपाचा ओटा, समाजमंदिराची दुरुस्ती यांत मात्र घरटी एक माणूस हा नियम शोभतो, कारण त्याचा उपयोग घरटी आहे.

आणि अतिक्रमण. पांदण नाहींशी कोणी केली? तिच्या दोन्हीं अंगांच्या धुऱ्यांनीं. दरवर्षीं वखराचें एक तास बाहेर गेलें, कीं वीस वर्षांत बंडीचा रस्ता पाऊलवाट होतो. गांवच्या नकाशांत गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेनें दाखवितात व त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायवाट एकेरी तुटक रेषेची, सव्वाआठ फुटांची. मोजणीची जुनी साखळी तेहतीस फुटांची व सोळा आण्यांची असे; तेव्हां गाडीरस्ता कमींत कमी अर्धी साखळी व पायवाट पाव साखळी, असा हा हिशेब आहे. आमच्या गांवच्या पांदणीवर आम्हीं दोरी धरली, तेव्हां अर्ध्या साखळीची जागा एके ठिकाणीं सात फुटांवर आलेली निघाली, आणि सांगावयास संकोच वाटतो कीं तेथील एका अंगाचा धुरा आमच्याच भावकीचा होता. महसूल अधिनियमाचें कलम १४३ आहे, मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आहे. त्यांखालीं अर्ज करतां येतो, व आम्हीं तसे अर्ज शेंकड्यांनीं नोंदलेले आहेत. निकाल लागतो, त्यावर अपील होतें, आणि तोंवर फिर्यादीचा मुलगा शेत विकून यवतमाळास राहावयास जातो. आमच्या गांवीं काम झालें तें निराळ्या रीतीनें. एकरीं वर्गणीची यादी मारुतीच्या पारावर वाचली गेली व तिच्या शेजारींच दोरीच्या मोजणीची यादी वाचली गेली: अमक्या गटाकडे चार फूट, तमक्याकडे तीन. कोणी कोणास कांहीं बोललें नाहीं. आठ दिवसांत आमच्या भावकीनें धुरा मागें घेतला. पुढें बाकीच्यांनींहि घेतला. एक मात्र राहिला तो अद्याप राहिलेलाच आहे, व तेथें बंडी अजून तिरपी होते. वर्गणींतून यंत्राचें भाडें निघालें; डिझेलास व मुरमास पैसा कमी पडला तो पंचायतीनें घातला. तो पैसा फार थोडा होता. पण तो मिळणार आहे असें ठरल्यावांचून पहिल्या यादीवर कोणीहि नांव घातलें नसतें, हें आम्ही खात्रीनें सांगतों. थोड्या सरकारी रकमेचा खरा उपयोग हाच. तिनें काम पुरें होत नाहीं, पण लोकांचे हात खिशाकडे जातात.

सरकारांत या दिशेनें हालचाल झालेली नाहीं असें नव्हे. चौदाव्या वित्त आयोगाचा २०१५ ते २०२० या वर्षांचा ग्रामीण निधि थेट ग्रामपंचायतींस आला, व आमचा गांव आमचा विकास या नांवानें आराखडे करण्याची पद्धत पडली. पंधराव्या आयोगानें २०२१ ते २०२६ या पांच वर्षांकरितां त्यांतील शेंकडा ६० भाग पाणी व स्वच्छता यांस बांधून दिला. पाणी व स्वच्छता यांस कोण नाहीं म्हणेल? परंतु ज्या गांवीं पाणी आहे व पांदण नाहीं, त्यानें काय करावें? पांदणींसाठीं २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धी योजना निघाली, ती रोजगार हमीशीं जोडलेली होती. रोजगार हमीचा दंडक असा कीं मजुरीवर ६० व सामानावर ४०. काळ्या जमिनींत पांदण टिकावयाची तर मुरूम, गिट्टी व दाबयंत्र यांचाच खर्च अधिक. तेथें हा मेळ बसवितांना ग्रामसेवकाची काय दशा होते ती आम्हीं पाहिली आहे. योजना वाईट नव्हती. ती सर्व महाराष्ट्राला एका मापाची होती, आणि कोंकणचा जांभा व आमची काळी माती एका मापांत बसत नाहींत.

बाहेर पाहिलें तर केरळ राज्यानें १९९६ सालीं लोकयोजनेची मोहीम हातीं घेऊन राज्याच्या योजनाखर्चांपैकीं शेंकडा ३५ ते ४० इतका भाग स्थानिक संस्थांकडे देण्याचें ठरविलें, व वॉर्डावॉर्डांतल्या सभांतून कामें निवडलीं. ब्राझिल देशांतील पोर्तो आलेग्रे या शहरीं १९८९ पासून वस्त्यांच्या सभा शहराच्या अंदाजपत्रकांतील कामें ठरवूं लागल्या. आपल्या पुण्याच्या महानगरपालिकेनेंहि २००६ च्या सुमारास नागरिकांकडून त्यांच्या भागांतील लहान कामांच्या सूचना घेऊन त्या अंदाजपत्रकांत धरण्यास आरंभ केला. शहरवासीयांस फुटपाथ व बांकडीं मागतां येतात, तर कास्तकारांस मुरूम मागण्यास कोणती अडचण आहे, हें आम्हांस समजत नाहीं.

तेव्हां आमच्या संस्थेनें काय करावें, याविषयीं आमची सूचना अशी आहे. सरकारकडे ठराव पाठवावाच; पेसा क्षेत्रांत जसा पोडाच्या ग्रामसभेस कोष मिळाला, तसा बाकीच्या खालसा गांवांतहि वस्तीस व पांदणगटास मिळावा, व तो कोणत्याहि एका कामास बांधलेला नसावा. परंतु ठरावाचें उत्तर येईपर्यंत आपण रिकामे बसावें असें नाहीं. संस्थेजवळ दरवर्षीं थोडी शिल्लक राहते. ती वार्षिक सभेच्या जेवणावळींत, हारतुऱ्यांत व फेट्यांत जाते हें सभासद जाणतातच. एक वर्ष ती जेवणावळ बंद ठेवून तेवढ्या रकमेचे चार-पांच सारखे भाग करावे. ज्या वस्तीचे किंवा पांदणीचे लोक स्वतःची यादी, स्वतःचा वांटा व दोन सह्या करणारीं माणसें घेऊन येतील, त्यांतील एक बाई असावी, त्यांस एक एक भाग द्यावा. निम्मा आधीं, निम्मा पहिल्याचा हिशेब पारावर वाचल्यावर. अर्जाचा नमुना नसावा. साध्या कागदावर चालावें. पाहणीस संस्थेचे दोन सभासद जावेत, तेहि शेजारच्या तालुक्यांतले. पेसा क्षेत्राबाहेरच्या गांवांनीं पहिल्या वर्षीं एक तरी भाग एखाद्या भूमिहीनांच्या वस्तीस जाऊं द्यावा, कारण सर्व भाग पांदणींनाच गेले तर हा आमचा सर्व लेख आमच्याच शेताच्या रस्त्यासाठीं लिहिलेला होता असें लोक म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें अगदींच चूक ठरणार नाहीं.

कांहीं सभासदांस ही सूचना आवडणार नाहीं, हें आम्ही जाणतों, विशेषतः फेट्यांची. त्यांनीं आपला विरोध सभेंत उभें राहून बोलावा, दाराबाहेर बोलूं नये.

ज्यांस पांदणीचें काम यंदा उन्हाळ्यांत हातीं घ्यावयाचें असेल त्यांनीं आतांपासूनच भूमिअभिलेख कचेरींतून गांवनकाशाची नक्कल मागवून ठेवावी. नक्कल घेतांना आपल्या गटाचीच नव्हे, तर पांदणीच्या दोन्हीं अंगांच्या सर्व गटांची घ्यावी, नाहींतर दोरी धरतांना पुन्हा कचेरींत जावें लागतें. मोजणीस तेहतीस फुटांची सुती दोरी पुरे. नायलॉनची ताणली जाते व तीवरून भांडणें होतात. तुरी निघाल्यावर, वखरणी लागण्यापूर्वीं, धुरे उघडे दिसतात, तेव्हां मोजावें.